बटण दाबण्याआधी

बीपीचं मशीन टेबलावर काढा, पण बटण इतक्यात नको. चहा पिऊन अर्धा तास झालाय ना? लघवीला जाऊन या. तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. आता खुर्चीत बसा. पाठ टेकवा. पायावर पाय असेल तर सोडवा, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवा. बाही वर सरकवून दंडाला काचत असेल तर हात बाहेरच काढा, कारण पट्टा उघड्या दंडावर बांधायचा असतो. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला.

आता पाच मिनिटं बोलायचं नाही.

बसल्या बसल्या परवाचा दवाखाना आठवा. जिना चढून गेलात, मांडीवर फाईल घेऊन बाकावर टेकलात. तुमच्याआधी दोन नंबर. शेजारचा खोकतोय, आतून कुणाचा तरी रिपोर्ट वाचल्याचा आवाज येतोय. मग हाक आली. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला आणि "काय म्हणताय?" विचारलं. तुम्ही गुडघ्याचं सांगायला लागलात; हात अधांतरी, पाठ सुटलेली. वरचं 152, खालचं 94. घरी सकाळी 128 आणि 80 होतं.

मनात पहिलं काय आलं? कुणाचं तरी मशीन खोटं आहे, हेच. घरचं मशीन एकदा दवाखान्यात नेऊन ताडून पाहा आणि ती शंका तिथेच संपवा. पण समजा दोन्ही मशीनं बरोबर निघाली. मग?

इथे थोडं थांबा.

इटलीतल्या मिलानमध्ये ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पाहिलं. 1983 साली त्यांनी ते छापलं. रुग्णांच्या धमनीतच बारीक नळी होती आणि दाब सतत नोंदला जात होता. डॉक्टर खोलीत आले, नेहमीसारखं बीपी मोजू लागले. पहिल्या चार मिनिटांतच वरचा दाब सरासरी 27ने आणि खालचा 15ने चढला. मग डॉक्टर तिथेच असताना तो हळूहळू उतरू लागला. पुढे त्यांना असंही दिसलं की मोजणारी नर्स असेल तर चढ साधारण निम्माच राहतो.

शाळेत दिपोटी, म्हणजे तपासणीचे साहेब, यायचे तेव्हा वर्ग कसा उठून उभा राहायचा, ते आठवतंय? मास्तरांनी सांगावं लागत नसे. "मी काही घाबरलो नव्हतो," असं आपण छातीठोकपणे सांगतो, आणि खोटं बोलत नसतो. नाड्या मात्र उठून उभ्या राहिलेल्या असतात. म्हणून तर उच्च रक्तदाबाची रेघ दवाखान्यात 140/90 आणि घरी 135/85 अशी वेगवेगळी धरतात.

आता उलटं पाहा. दवाखान्यात छान 126, घरी 150. असंही होतं, आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते, कारण तो चांगला आकडा बघून सगळेच खूश होतात. घर म्हणजे निवांतपणा हे ठरवलं कुणी? सकाळी सात वाजता एका गॅसवर पोळी, दुसऱ्यावर दूध, नळाचं पाणी जायच्या बेतात, डबा भरायचा राहिलेला. अशा घरातल्या बाईला दवाखान्यातल्या पंख्याखाली तासभर बसायला मिळतं, तीच तिची विश्रांती. तिचं खरं बीपी कुठलं म्हणायचं?

तुमच्या घरात मघापासून काय काय ऐकू आलं? कुकर, मोटर, फोन? ऐकू येऊ द्या. उठू मात्र नका.

आठवडाभर असंच करायचं. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एकेक मिनिट सोडून. पहिल्या दिवसाचे आकडे वगळून बाकीच्यांची सरासरी. गोळी कमी-जास्त करायची ती डॉक्टरांनी, वही बघून. आणि वहीशी लबाडी नको. मी केली आहे: 146 आलं, पुन्हा दाबलं, 139; तिसऱ्यांदा 131 आलं तेव्हा पेन उचललं.

झाली पाच मिनिटं. दाबा बटण. पट्टा फुगतोय, दंड आवळतोय, बोटांच्या टोकांशी ठोके लागतायत. श्वास रोखलात का? सोडा. हवा सुटतेय, आकडे खाली येतायत, थांबले.

आहे तो लिहा. पट्टा राहू दे तसाच, अजून एक मिनिट आहे.