मालक कोण, आणि जबाबदार कोण?

खेड्यातील तरुण पुण्यास किंवा नाशकास जातो, हप्त्याने दुचाकी घेतो, आणि फोनवर निरोप येईल त्याप्रमाणे लोकांच्या दारी जेवण अथवा किराणा पोहोचवितो. सुटीत घरी आल्यावर आई त्यास विचारते, “बाळा, तुझा मालक कोण रे?” ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यास देता येत नाही. कंपनी त्यास नोकर म्हणत नाही, पार्टनर म्हणते. परंतु एका खेपेस किती पैसे मिळावे हे हा भागीदार ठरवीत नाही. आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी झाल्या म्हणजे त्याची आयडी बंद होऊ शकते. म्हणून आम्ही वाचकांपुढे असा प्रश्न ठेवितो की, जो दुसऱ्याच्या श्रमाचे फळ घेतो, परंतु ‘मी त्याचा मालक नव्हे’ असे म्हणतो, तो त्याच्याविषयी जबाबदार आहे किंवा नाही?

कोणी म्हणतील, पूर्वीची बलुत्याची रीत बरी होती. तीत मनुष्य मनुष्यास ओळखीत असे, व सुगीच्या वेळी खळ्यावरून धान्य मिळत असे. हे खरे, परंतु ते काम जन्माने गळ्यात पडे, हाक येताच वेळी-अवेळी धावावे लागे, आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर असे. मुंबई राज्याने १९५८ साली कायदा करून गावकीची कनिष्ठ वतने रद्द केली, हे योग्यच झाले. ओळख असली म्हणजे न्याय असतोच असे नाही, हा धडा आपल्या वाडवडिलांनी पाठीवर सोसून शिकला आहे.

पुढे गिरण्या आल्या. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. कोकणातून व घाटावरून गेलेला मनुष्य तेथे हजारांतील एक झाला. त्यास आठवड्यास सुटीचा ठरलेला दिवस नव्हता. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, व अपघात झाल्यास भरपाई, ह्या त्यांच्या मागण्या होत्या. १८९० साली रविवारची सुटी मिळाली. अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ साली, आणि आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घालणारा कारखान्यांचा कायदा १९४८ साली झाला. ह्या कायद्यांनी मालकांच्या अंतःकरणात दया उत्पन्न झाली असे आम्ही म्हणत नाही. परंतु जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरले.

गिरणीस निदान दरवाजा होता. सर्वांनी मिळून त्यापुढे उभे राहता येत असे. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. आजच्या नव्या कामास तर दरवाजाच नाही. प्रत्येकाच्या हाती आपापला फोन आहे.

येथे तो तरुण म्हणेल, “मला कोणी ‘अमुक वाजता उठ’ म्हणत नाही, पेरणीस मी गावी येतो.” हे आम्ही तुच्छ मानीत नाही. ज्याच्या आजोबास हाकेसरशी धावावे लागे, त्यास हे स्वातंत्र्य मोठेच आहे. तथापि काम सुरू करण्याची व थांबविण्याची मोकळीक ही एक गोष्ट, आणि मजुरीच्या दरात शब्द असणे व अन्याय झाल्यास दाद मागता येणे ही दुसरी. पहिली मिळाली म्हणून दुसरी सोडावी असे नाही. गाडीचा हप्ता डोक्यावर असता पहिलीदेखील पुष्कळदा नावापुरतीच राहते.

नीती आयोगाच्या अंदाजाप्रमाणे २०२०-२१ साली आपल्या देशात असे ७७ लक्ष कामगार होते. २०२० चा सामाजिक सुरक्षेचा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आला. त्याने अशा कंपन्यांवर उलाढालीचा शेकडा १ ते २ भाग कामगारांच्या कल्याणनिधीस देण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे मालक हे नाव टाकिले तरी ऋण टळत नाही, हे सरकारनेही मानिले.

आमचे उत्तर असे आहे की, जबाबदारी नावावरून ठरत नाही, कृत्यावरून ठरते. जो दर ठरवितो, हुकूम देतो व वाटा घेतो, तो तितक्या प्रमाणात जबाबदार आहे. आणि घरी बसून वस्तू मागविणारे आपणही त्यातून सुटत नाही. उशीर झाला म्हणून रागाने एकच तारा देण्यापूर्वी, पावसात भिजलेल्या त्या मुलाची भाकर आपल्या बोटाखाली आहे, हे ध्यानात धरावे.

गावोगावच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, आपल्या मंडळीतील जे तरुण ह्या कामावर आहेत त्यांची नावे ई-श्रम नोंदणीत घालण्यास साहाय्य करावे, आणि तास, खेपा व मिळकत वहीत लिहून ठेवण्यास त्यांस सांगावे. साडेपाच हजार सह्यांची सुरुवातही कोणा एकाच्या सहीनेच झाली असेल.