ज्याच्या नावाने बुडी

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जलतरणपटूने मिळवलेले पदक त्याचे स्वतःचे की त्याच्या देशाचे, हा प्रश्न वरवर क्रीडाविषयक वाटला तरी मुळात तो कर्मफलाच्या वाटणीचा, म्हणजे धर्मशास्त्राचा प्रश्न आहे. आणि त्याचा विचार करायला अफजलपूर तालुक्यातील गाणगापूरइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. नृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने पावन झालेल्या या क्षेत्री भीमा आणि अमरजा यांच्या संगमावर विधिपूर्वक स्नान करणारा भाविक आधी संकल्प सोडतो. संकल्प म्हणजे स्थळ, काळ, गोत्र आणि नाव उच्चारून, हे कर्म कोण आणि कशासाठी करीत आहे याचे केलेले निवेदन. असे स्नान दुसऱ्यासाठीही करता येते. आई, वडील, भाऊ, मित्र किंवा गुरू यांपैकी ज्याला उद्देशून बुडी मारावी त्याला पुण्याचा अंश पोहोचतो, असे स्मृतिवचन असून तो अंश कोठे आठवा, तर कोठे बारावा सांगितला आहे.

टोपीवर देशाचे नाव घेऊन पाण्यात झेपावणारा जलतरणपटूही एका परीने देशाला उद्देशूनच बुडी मारतो, त्यामुळे त्याच्या यशावर देशाने सांगितलेला हक्क खोटा म्हणता येत नाही. मात्र तो हक्क अंशाचा आहे, सर्वस्वाचा नव्हे. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला या स्पर्धेतील पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे मूळचे सैन्यातील मुष्टियोद्धे होते, आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून शरीराचा खालचा भाग लुळा पडल्यावर ते पोहण्याकडे वळले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. ज्याच्या नावाने बुडी मारली गेली त्याने आपला अंश उचलायलाही शेहेचाळीस वर्षे लावावीत, ही गोष्ट खेदाचीच म्हटली पाहिजे.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून अवघड आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता म्हणजे देहाशी एकरूप झालेला जीव, करण म्हणजे इंद्रिये, चेष्टा म्हणजे प्राणाच्या नाना हालचाली, आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी दैवाचा अर्थ इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता असा केला आहे. माणसाच्या हाती नसलेला भाग, एवढा अर्थ येथे पुरेसा आहे. ही पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारलेली नाही, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवले, आणि खजान सिंग यांच्या १९८६ च्या रौप्यपदकानंतर या स्पर्धेत भारताला मिळालेले ते जलतरणातील पहिले पदक होते. तेच खाडे २०१८ मध्ये जकार्ता येथे ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांत पोहले आणि अंतिम फेरीत त्यांना २२.४७ सेकंद लागले, तर कांस्यपदक २२.४६ ला गेले. देह तोच, हात तेच, पाणीही तेच. सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेल्या या पदकाचा दोष एकट्या कर्त्याच्या माथी मारता येत नाही.

परंतु सगळेच दैवावर ढकलणेही गीतेला मान्य होणार नाही. भारताला ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे एकही पदक नाही, आणि ऑलिंपिकच्या थेट पात्रतेची वेळ, जिला ‘ए’ निकष म्हणतात, पहिल्यांदा गाठली गेली ती २०२१ मध्ये रोम येथे, साजन प्रकाश यांच्याकडून. पाठोपाठ तेथेच कर्नाटकचे श्रीहरी नटराज यांनीही ती गाठली. भीमाकाठचे मूल पाठीला सुकलेला भोपळा बांधून पोहायला शिकते, त्याला ओढ कळते, दम टिकवता येतो. पण पाण्यातच कोलांटी घेऊन भिंतीला पाय रेटून परत फिरण्याची कला त्याला नदी शिकवू शकत नाही, कारण तिला भिंत नसते, आणि उन्हाळ्यात तर पुरेसे पाणीही नसते. भिंत, बारमाही पाणी आणि प्रशिक्षक पुरवणे हे दैवाचे काम नव्हे.

येथे तीर्थयात्रेविषयीचे दुसरे एक वचन लक्षात घ्यावे लागते, कारण त्यात वाटणी उलटी होते: जो दुसऱ्यासाठी, त्याच्या खर्चाने यात्रा करतो त्याला स्वतःला फळाचा सोळावा अंशच मिळतो, असे ते वचन आहे. या न्यायाने ज्या देशाने तलाव बांधले, वर्षानुवर्षे शिकवले आणि प्रवासाचा भार उचलला, त्याने पदकातला मोठा वाटा मागितला तर ते शास्त्राला धरूनच होईल. पेटकरांच्या परदेश प्रवासाला मात्र हातभार लावला तो क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने, अपंगांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने. तेव्हा हायडेलबर्गच्या सुवर्णपदकात देशाच्या वाट्याला फार तर नावाने मारलेल्या बुडीचा आठवा अंश येतो.