जीर्ण वास्तू आणि साक्षीचा धर्म

शिकागो शहराच्या दक्षिण भागात, तेहतिसावा रस्ता जेथे इंडियाना मार्गास मिळतो तेथे, आगीत होरपळलेल्या एका देवालयाच्या खडबडीत दगडी भिंती आधारांवर तोलून धरलेल्या दिसतात. डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन या भागीदार स्थपतींनी रचलेली ही इमारत १८९१ साली पुरी झाली तेव्हा ती यहुदी मंडळीचे सिनेगॉग होती, आणि त्या मंडळीचे धर्मगुरुपद खुद्द ॲडलरच्या वडिलांनी दीर्घकाळ भूषविले होते. पुढे ती वस्ती अन्यत्र सरकली, दक्षिणेकडील राज्यांतील जाचातून सुटून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी तो सारा इलाखा गजबजून गेला, आणि १९२२ मध्ये पिलग्रिम बाप्टिस्ट मंडळीने हे देवालय विकत घेतले. एके काळी ब्लूज वाजवणाऱ्या टॉमस डॉर्सीने १९३२ पासून येथील संगीताची धुरा वाहिली आणि गॉस्पेल या नावाने आज जगास परिचित असलेले भक्तिसंगीत त्याच कमानदार छताखाली वाढीस लागले. ६ जानेवारी २००६ रोजी, छपराच्या दुरुस्तीचे काम चालू असताना, आग लागली आणि भिंतींखेरीज जवळजवळ काहीच उरले नाही.

त्या भिंतींसमोर कॅमेरा घेऊन उभे राहिले असता जो प्रश्न मनात उभा राहतो तो स्थापत्याहून अधिक धर्मशास्त्राच्या प्रांतातला आहे. ज्या वास्तूत एका पिढीने तोराह वाचला, पुढच्या पिढ्यांनी येशूचे स्तवन गायिले आणि जिच्यावर नंतर केवळ आकाशाचे छप्पर राहिले, तिचे पावित्र्य गेले कोठे?

आपल्याकडील परंपरेने या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. जीर्णोद्धाराच्या विधीत मूर्तीतील देवत्व मंत्रपूर्वक कलशातील जलात उतरवून घेतात, काम चालू असेतो पूजा त्या कलशाची होते, आणि मगच ते देवत्व पुन्हा मूर्तीत प्रतिष्ठित करतात. भाद्रपदात आणलेल्या पार्थिव गणपतीचे विसर्जन करताना डोळे पाणावले तरी देव नष्ट केल्याची भावना कोणाच्या मनास शिवत नाही, कारण देव आवाहनाने आलेला असतो आणि निरोपाने गेलेला असतो. या दृष्टीने पाहता दगड हे केवळ वास्तव्याचे निमित्त ठरते. परंतु त्याच परंपरेत स्थानमाहात्म्यही आहे, आणि चंद्रभागेच्या वाळवंटातील माती कपाळी लावणाऱ्या वारकऱ्यास, स्थान हे निमित्तमात्र आहे, ही गोष्ट कोणी कितीही युक्तिवादाने सांगितली तरी पटणार नाही. अमेरिकेतील मालमत्तेच्या दप्तरात या दोहोंपैकी एकाही मताची नोंद होत नाही. तेथे खरेदीखत होते, मालकीचा फेरफार होतो, आणि देवालयाची पुढे वखार झाली काय किंवा सदनिका झाल्या काय, दप्तरास त्याचे सोयरसुतक नसते.

मला स्वतःला असे वाटते की वास्तूचे पावित्र्य तेथे जमणाऱ्या माणसांच्या एकाग्रतेतून साठत जाते, आणि ते एका समाजाकडून दुसऱ्या समाजाकडे, विधीवाचून आणि मंत्रावाचूनही, वारशाने जाऊ शकते. यहुद्यांनी सोडलेले मंदिर बाप्टिस्टांना परके वाटले नाही, याचा अर्थ दुसरा काय लावावा? मात्र हे खरे असेल तर जो उपासकही नाही आणि रहिवासीही नाही, अशा केवळ पाहावयास आलेल्या छायाचित्रकाराचे त्या वारशाशी नाते कोणते, हे तपासणे भाग पडते.

या बाबतीत रिचर्ड निकेल या छायाचित्रकाराचे चरित्र मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते. १९२८ साली शिकागोतच जन्मलेला हा मनुष्य विद्यार्थिदशेत अभ्यासाचा भाग म्हणून सलिव्हनच्या इमारती टिपू लागला आणि पुढे आयुष्यभर त्याच कामाला बांधला गेला. १९६० साली गॅरिक नाट्यगृह पाडण्याचा घाट घातला गेला तेव्हा तो निषेधाचा फलक घेऊन फुटपाथवर उभा राहिला, आणि जी इमारत वाचत नाही असे दिसे तिच्या मोडतोडीच्या धुळीत शिरून तो भाजलेल्या मातीची नक्षी आपल्या हातांनी सोडवून आणीत असे. १३ एप्रिल १९७२ रोजी, ॲडलर आणि सलिव्हन यांच्याच जुन्या स्टॉक एक्स्चेंजची इमारत जमीनदोस्त होत असताना, तिचा अंतर्भाग त्याच्यावर कोसळला. त्याचे प्रेत कित्येक दिवसांच्या शोधानंतर ढिगाऱ्यात सापडले. त्या इमारतीतील सौद्यांचे दालन पुढे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पुन्हा उभारण्यात आले. 

वेदान्ताने सांगितलेला साक्षी निकेलसारखा नसतो. तो पाहतो, पण ज्याकडे पाहतो त्याने लिप्त होत नाही. निकेल तर इतका लिप्त झाला की त्यात त्याचा देहच गेला. तेव्हा त्याची आसक्ती हा मोह होता असे म्हणून त्याला बाजूस सारावे काय? असे म्हणणे मला धैर्याचे वाटत नाही, आणि सत्याचेही वाटत नाही. यासाठी आरंभी सांगितलेल्या देवालयाच्या परिसरातील दुसरे एक स्थळ ध्यानात घेतले पाहिजे.

त्या देवालयापासून थोड्याच अंतरावर, शिकागोतील जागतिक प्रदर्शनास येणाऱ्या पाहुण्यांसाठी १८९२ साली बांधलेली मेक्का फ्लॅट्स नावाची विस्तीर्ण इमारत होती. काचेच्या छपराखालील तिचे चौक आणि त्यांभोवतालचे नक्षीदार लोखंडी कठडे यांच्या आश्रयाने पुढे शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबे राहिली. १९३० नंतरच्या दशकात संघ सरकारच्या गृहकर्ज महामंडळाने शहरोशहरींचे नकाशे रंगवून अशा वस्त्यांवर तांबडा रंग भरला. तो रंग म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे असा शेराच होता, आणि ज्या घरांस दुरुस्तीकरिता पैसा मिळत नाही ती घरे कोसळली तर त्याचा दोष काळाच्या माथी मारणे हा अन्याय आहे. मेक्काची जागा शेजारच्या तंत्रशास्त्रीय संस्थेस हवी होती. रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढा दिला, तरी १९५२ साली ती पाडली गेली, आणि तेथे १९५६ मध्ये मीस व्हान डेर रोह या विख्यात स्थपतीचे क्राउन हॉल उभे राहिले. पोलाद आणि काच यांची ती रचना अतिशय सुंदर आहे हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ती कोणाच्या बिऱ्हाडांवर उभी आहे हे विसरून तिचे छायाचित्र घेणे मला जमत नाही.

स्वतःच्या सुखदुःखाकडे अलिप्तपणे पाहावे ही शिकवण उदात्त आहे; दुसऱ्याच्या पडलेल्या घराकडे तितक्याच अलिप्तपणे पाहणे ही निष्ठुरता आहे, आणि या दोहोंत गल्लत करणारा मनुष्य साक्षी राहत नाही, प्रेक्षक बनतो. डेट्रॉइटच्या ओसाड कारखान्यांची छायाचित्रे विपुल झाली आहेत. त्यांत उडालेला रंग आहे, तिरपा प्रकाश आहे, माणूस तेवढा नाही. उलटपक्षी, चिली देशात जन्मलेल्या कामिलो होसे व्हेर्गारा यांनी १९७० च्या दशकापासून हार्लेम, न्यूअर्क, कॅम्डेन, डेट्रॉइट येथील त्याच त्या कोपऱ्यांवर पुनःपुन्हा परत जाऊन, एकाच दाराचे दुकान कधी होते, देऊळ कधी झाले, कुलूप कधी लागले, याची वर्षानुवर्षांची नोंद ठेवली, आणि दुकानांच्या गाळ्यांत भरणाऱ्या गरिबांच्या चर्चांवर २००५ साली एक स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. निकेलला इमारत हवी होती, व्हेर्गारांनी तिचे बदलणे स्वीकारले. परंतु पुन्हा परतून येण्याचे व्रत दोघांचेही एकच, आणि त्यालाच मी उपासना म्हणतो.

आज अनेक मराठी कुटुंबे अमेरिकेत स्थायिक आहेत व हाती कॅमेरा बाळगून जुन्या मोहल्ल्यांतून हिंडणारेही त्यांत पुष्कळ आहेत. त्यांस माझी आग्रहाची विनंती आहे. १९३३ साली बेकार झालेल्या स्थपतींना आणि छायाचित्रकारांना काम देण्यासाठी सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सर्वेक्षणाचे नकाशे व चित्रे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सर्वांस विनामूल्य खुली आहेत. एखाद्या वस्तीत जाण्यापूर्वी ती पाहावीत. तेथे गेल्यावर पायरीवर बसलेल्या वृद्धास घराची हकीकत विचारावी, देवालय चालू असेल तर रविवारी आत बसून प्रार्थना ऐकावी, आणि काढलेल्या चित्राची एक प्रत त्या मंडळीच्या दप्तरी ठेवावयास द्यावी.