गणवेश कोणासाठी?

कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर सकाळी शाळेची मुले दिसतात. ठाकरवाड्या-कातकरवाड्यांतून उतरलेली, नेरळ-दामतच्या मोहल्ल्यांतली, खोपोलीच्या कामगारवस्तीतली. अंगावर एकच गणवेश. कोणाचा बाप वीटभट्टीवर राबतो आणि कोणाचा दुकानदार आहे, हे कपड्यांवरून कळत नाही. गणवेशाबद्दल आम्हांला आदर आहे तो यासाठीच. तो गरिबी झाकतो. मात्र त्याने मुलीचा विवेकही झाकावा काय, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या भागातल्या मुली कॉलेजसाठी लोकलने मुंबईकडे जातात. त्याच मुंबईत, चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयाने २०२४ साली नियम काढला : वर्गात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला चालणार नाही. ९ विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी याचिका फेटाळली गेली. कपड्यांवरून धर्म दिसू नये, लक्ष अभ्यासात राहावे, असा युक्तिवाद होता. पाठोपाठ तिथे फाटक्या जीन्स आणि टी-शर्टवरही बंदी आली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी व बिल्ल्यापुरती बंदीला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरख्याला मात्र मुभा दिली नाही. धर्म तर नावावरूनही कळतो, मग टिळ्यावरही बंदी घालणार का, असे खंडपीठाने विचारले. हजेरीपटावरची नावे कोण पुसणार?

आमच्यातलेच काही सुधारक म्हणतात, बंदी बरीच झाली, निदान पडदा तरी सुटेल. आम्हांला हे पटत नाही. जिने स्कार्फ स्वतःच्या मनाने घेतला, तिचा बंदीने अपमान होतो. जिच्यावर तो घरच्यांनी लादला, तिला तर दुहेरी शिक्षा होते. स्कार्फशिवाय घरचे सोडत नाहीत, स्कार्फसह कॉलेज घेत नाही. पडदा राहतो आणि शिक्षण तेवढे सुटते.

काही नियम आवश्यकच आहेत. प्रयोगशाळेत बर्नरजवळ सैल कापड नको. परीक्षेला ओळख पटवायला चेहरा दाखवावा लागेल, तिथे एखादी शिक्षिका असावी. ही कारणे सर्वांना सारखी लागू आहेत, मुलीला समजावून सांगता येतात. ‘तुझा धर्म आम्हांला दिसतो’ हे कारण मात्र तसे नाही.

आता आपल्या घराकडे वळू. कॉलेजच्या फाटकाशी संविधानाचे नाव घेणारे आपण, मोहल्ल्याच्या तोंडाशी ते विसरतो. एखादी मुलगी गाडीत बसल्यावर स्कार्फ दप्तरात ठेवते. डब्यातली कुणी खाला ते पाहते, संध्याकाळपर्यंत अब्बांच्या कानावर जाते आणि पुढच्या महिन्यात पास काढला जात नाही. या मुलीसाठी आपण कधी सभा घेतली? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चाने गेले, तेव्हा प्रश्न तलाकचा होता. पण मुळाशी हेच होते की, बाईच्या आयुष्याचा निर्णय तिला विचारून व्हावा. त्यांच्या वाट्याला समाजाच्या शिव्या आल्या.

स्कार्फ घेण्याचा हक्क आम्ही मागतो तो ‘निवडीचा’ म्हणून. मग काढण्याची निवडही तिचीच असली पाहिजे. नाहीतर निवड हा शब्द आपण केवळ न्यायालयापुरता वापरतो, असे होईल. कोवळ्या वयातली निवड पूर्ण मोकळी नसते, हे खरे. घर, वस्ती, मैत्रिणी, सगळ्यांचा दाब तीत असतो. पण तो दाब ओळखायची अक्कल शिकूनच येते. म्हणून तिला वर्गाबाहेर ठेवणे हा त्यावर उपाय होऊच शकत नाही.

शाळा-कॉलेजांनी नियम करताना मुलींना समोर बसवून विचारावे. आणि आपण, आई-बापांनी, तिच्या डोक्यावर काय आहे हे पाहण्याआधी तिच्या लोकलच्या पासची मुदत पाहावी.