रोह्यात बर्फ कुठे पडतो?

बसा. गुण विचारायला आला असाल तर ते नंतर. आधी मोबाईल खिशात घाला आणि या भिंतीवर लावलेली चित्रं बघा.

स्मरणचित्राला विषय दिला होता ‘आमची सहल’. शाळा वरसेतली, मुलं वरसेतली. आणि चित्रांत काय आहे? डोंगराच्या माथ्यावर बर्फ, पायथ्याशी नाताळची झाडं, लाकडी घर, घराला धुराडं. रोह्यात बर्फ फक्त मासळी बाजारात असतो हो! मुलांना विचारलं, तर ती बिचारी खरं बोलली: मोबाईलवर बघून काढलं. आणि मोबाईल कोणी हातात दिला, हेही सांगितलं. म्हणून आज मुलं बाहेर खेळतायत आणि बाकांवर तुम्ही बसला आहात.

‘सर, आम्ही फिरवतो की पोरांना.’ माहीत आहे. तुमचे स्टेटस मीही बघतो. कोलाडला हेल्मेट घालून, जॅकेट बांधून सगळं कुटुंब राफ्टमध्ये, तोंडं उघडी, वल्ही वर. हौशी आहात, धाडसी आहात, मान्य. पण ते पाणी मुळशीचं आहे, भिऱ्याच्या वीजघरातून सुटतं, म्हणून तिथे कुंडलिका नदी सकाळी चढते आणि नंतर उतरते, हे किती जणांनी पोराला सांगितलं? पाणी उतरलं की जे खडक उघडे पडतात, त्यांचा ओला भाग आणि वाळलेला भाग यांच्या रंगात किती फरक असतो! तो बघायला अर्धा तास कोण थांबलं? तुम्ही व्हिडिओ काढलात आणि जेवायला गेलात.

अवचितगडाचंही तेच. वर द्वादशकोनी तलाव आहे. एक मुलगा त्याच्या काठावर वही काढून बसला होता. बारा कोन कागदावर बसवणं सोपं नाही, मोठ्यांनाही घाम फुटतो. त्याच्या वडिलांनी त्याला उठवला. काय म्हणाले? ‘फोटो काढलाय ना, घरी जाऊन काढ.’ ते गृहस्थ इथेच बसले आहेत. नाव घेत नाही, मान खाली घालायची गरज नाही, ऐका फक्त.

फोटो बघून काढलेलं चित्र मला लांबून कळतं. कॅमेऱ्यात गड टेकडीएवढा होतो. सावली सपाट काळी पडते. डोळ्याला त्याच सावलीत हिरवा दिसतो, जांभळा दिसतो, दगडाच्या फटीतलं शेवाळ दिसतं. लांबचा डोंगर निळसर आणि जवळचा तपकिरी का, हे उन्हात बसून पोराला स्वतःला दिसतं तेव्हा मला फळ्यावर समजावावं लागत नाही. आणि बसल्या बसल्या ऊन सरकतं, सावली हलते, मघाशी काढलेली रेघ खोटी ठरते. मग काय धरायचं आणि काय सोडायचं, हे त्याचं त्याला ठरवावं लागतं. चित्रकला शिकायची ती इथे. तुम्ही नेमकं तेवढंच वाचवता.

आपल्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या सासवण्यात, १८९१ साली विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. या पोराने गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज काढले. कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी ते चित्र पाहिलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये पोचला. पुढे पुण्यातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा याच माणसाने घडवला, १९२८ साली. सासवण्याला त्यांचं संग्रहालय आहे, तिथली शिल्पातली म्हैस जाऊन बघा. गोठ्यात उभं राहून म्हैस न्याहाळल्याशिवाय तसली म्हैस होत नाही. तुमच्यापैकी कोणी त्या देवळापाशी असता, तर भिंत खराब केली म्हणून पोराचा कान पिळला असता.

आता मुलींच्या आयांकडे आणि बापांकडे वळतो. ‘मुलीला कुठे डोंगरात पाठवायचं’, हे मी दरवर्षी ऐकतो. कुडे लेणी माहीत आहेत? तळा गावाजवळ, मांदाडच्या खाडीकाठी. तिथे सातवाहन काळातला ब्राह्मी लेख आहे. शिवम नावाच्या माणसाच्या घरचं दान. कोरीवकाम त्याची बायको विजया आणि मुलगे यांच्या नावे, आणि खांब मुलींच्या नावे. लेकींची नावं एकेक करून दगडात आहेत. त्या काळी, त्या डोंगरात! आणि तुम्हाला ड्रॉइंगची वही घेऊन लेक कुंडलिकेच्या घाटावर पाठवायची तर शेजारी काय म्हणतील याची काळजी.

धबधब्याच्या निसरड्यावर पोरांना उभं करा, असं मी म्हणत नाही. तसली मर्दुमकी दाखवणारे पालकही या खोलीत आहेत, त्यांच्याशी वेगळं बोलेन. मला फक्त बसणारा पालक हवा आहे. मूल चित्र काढत असताना शेजारी गप्प बसणारा, ‘झालं का’ न विचारणारा.

रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या फाटकाशी. पिंगळसईच्या बाजूने जायचं. अवचितगड चढायचा नाही, खालून बघायचा. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठं माणूस. पाणी, टोपी, पॅड, दोन पेन्सिली. वहीचा एक कोरा कागद तुमच्यासाठीही फाडून आणा, तुम्हीही काढणार आहात. खोडरबर फाटकाशीच माझ्याकडे जमा करायचे, मोबाईलही. आता गुण. पहिलं नाव कोणाचं?