कानाला झाकण
देवाने डोळ्यांना पापण्या दिल्या, तोंडाला ओठ दिले. कान मात्र सताड उघडे ठेवले. ही उणीव आता मोबाइलचे बिनतारी हेडसेटवाले भरून काढतात. बूच घ्या, रबरी टोपी मापाची नसली तर कान ठणकतो. पालथ्या वाट्या घ्या, चष्म्याची काडी रुतते. उलट्या लहरी सोडून बाहेरचा आवाज दाबणारंही एक असतं. आरामशीर! पण मी तिथेच अडलो. ‘हाक ऐकू आली नाही’ असं सौ.ला सांगणं खरं ठरेल हो. पण ती ऐकू येऊ नये म्हणून पैसे मोजले, त्याची नोंद कुठल्या खात्यात करायची? शेवटी कानशिलाच्या हाडातून ऐकवणारं घेतलं. कान मोकळे राहतात. न ऐकल्यासारखं करायचं काम मात्र पूर्वीप्रमाणे मलाच करावं लागतं.