'यूज्ड टू'चं तेवढं सांभाळ

चि. मुक्ता,


लीड्सला थंडी पडायला लागली म्हणतेस, तर कानाला बांधल्याशिवाय रात्रपाळीला निघू नकोस. इकडे सगळं ठीक. बाबांचं बीपी आटोक्यात आहे, दारातला पारिजातक भरभरून फुलतोय.

परवा व्हिडिओ कॉलवर तू मैत्रिणीला कौतुकाने म्हणालीस, 'आय यूज्ड टू टॉक टू माय आत्या एव्हरी संडे.' त्यावर ती पोर हळहळून म्हणाली, 'मग आता का नाही बोलत?' तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. बाळा, 'यूज्ड टू' म्हणजे पूर्वी होतं, आता राहिलं नाही. आपण 'मी बोलायचे' म्हणतो ना, तसं. चालू सवयीला साधं 'आय टॉक' पुरतं. मात्र 'आय ॲम यूज्ड टू' म्हटलंस की अर्थ पालटतो, मग ते अंगवळणी पडलेलं असतं आणि पुढे आयएनजी लागतं: 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग नाइट्स.' उच्चार दोन्हीकडे 'यूस्ट टू'. 'डिडन्ट' आलं की लिहिताना शेवटचा डी गळतो. एवढं पुरे, बाकीचं व्याकरण तुला येतं.

घरी चुकलीस तर कुणी काही म्हणणार नाही गं. मला काळजी आहे ती वॉर्डची. एखादी म्हातारी म्हणेल, 'आय यूज्ड टू टेक अ टॅब्लेट फॉर ब्लड प्रेशर.' घाईत तू 'गोळी चालू' असं लिहिशील, आणि बाईने ती कधीच सोडलेली असेल. आपल्या आजीचं आठवतंय ना? जरा बरं वाटलं की गोळी बंद. पाकीट मात्र देवघराच्या फळीवर तसंच, अर्धं भरलेलं. 'घेतेस का?' विचारलं की 'घ्यायचे की!' म्हणायची, आणि आपण 'घेते' असंच ऐकायचो. माणसं सगळीकडे सारखीच. डॉक्टर तुझी नोंद वाचून पुढचं औषध ठरवणार, म्हणून तुझा कान तिखट हवा.

तेव्हा कुणाच्या तोंडून 'यूज्ड टू' आलं, की कधी बंद केली आणि का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कागद पुढे सरकवू नकोस. एवढं माझं ऐक.

तुझी,
आत्या